एका नंबरावर दोघी

माझा मोबाइल नंबर आमच्या गल्लीतल्या बायकांना स्वतःच्या पोरांच्या जन्मतारखेपेक्षा पक्का पाठ आहे. गॅसच्या नोंदणीला तोच, बँकेच्या पासबुकाला तोच, शाळेच्या फॉर्मवर तोच. मी हिंडलग्यात सून म्हणून आले तेव्हा गल्लीत संगणकावर काम करणारी मी एकटीच होते. शिकलेल्या माणसाचा नंबर दिलेला बरा, मेसेज आला तर वाचता तरी येईल, असा सगळ्यांचा सरळ विचार. पुढे घरोघरी मोबाइल आले, पण पुरुषांचे फोन त्यांच्या खिशातून शेतावर जायचे आणि बायकांच्या फोनचा रिचार्ज संपलेला असायचा. माझा नंबर मात्र बारा महिने चालू. ऑफिसात मीटिंगला बसले की ओटीपी यायचा आणि पाठोपाठ कुणाचा तरी फोन: "आकडा आला काय गं?" मी वैतागायचे, घरी येऊन बोलून दाखवायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. आपल्यावाचून गल्लीतलं पान हलत नाही असं वाटायला लागलं की माणूस फार सुखात असतो.

ऑफिस बेळगावात. हिंडलग्याहून स्कूटीवर वीस मिनिटं. आम्ही आठ-दहा माणसं दुसऱ्यांच्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर लिहायचो आणि त्या टोळीची मुकादम मी. निपाणीपासून खानापुरापर्यंत रक्त-लघवीचे नमुने गोळा करण्याची केंद्रं असलेल्या एका लॅबचं काम आमच्याकडे होतं. लॅबचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती.

एपीआय म्हणजे काय असं आमच्या आक्कानं मला एकदा विचारलं होतं. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला सांगितलं, तालुका कचेरीतल्या खिडकीसारखं असतं ते. आत एक प्रोग्रॅम बसलेला, बाहेरून दुसरा प्रोग्रॅम चिठ्ठी सरकवतो: अमक्या माणसाचा तमका कागद द्या. चिठ्ठीवर जे जे लिहायचं त्याला पॅरामीटर म्हणतात. आक्का म्हणाली, "मग चिठ्ठी कशी लिवायची ते खिडकीवर लिवून ठेवाय नगो?" मी हसले. तिला एका वाक्यात कळलं ते आमच्या ऑफिसात तीन वर्षं कुणी केलं नव्हतं.

आमच्या लॅबच्या खिडक्या वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी लिहिल्या होत्या. वेळ ठरवायच्या खिडकीला पेशंटचा क्रमांक लागायचा आणि तो खिडकीच्या वेबपत्त्यातच लिहावा लागायचा. कागद छापायच्या खिडकीला पेशंट ठाऊकच नव्हता, तिला नळीवर चिकटवलेल्या लेबलचा नंबर लागायचा. तारीख एकीकडे वर्षापासून सुरू व्हायची, दुसरीकडे दिवसापासून. काम चालायचं, कारण कुठली खिडकी काय मागते ते आम्हाला तोंडपाठ होतं. नवीन माणूस आला की महिनाभर ठेचा खायचा आणि मग त्यालाही पाठ व्हायचं.

याचा खरा त्रास व्हायचा तो आमच्या टोळीतल्या अण्णांना. अण्णा निपाणीकडचे जैन, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. घरात कन्नड, ऑफिसात मराठी, आणि संगणकाशी दोन्हींत पुटपुटणारे. बेळगावात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी गावाकडची बस धरायचे. दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला हवं म्हणून साडेपाचला डबा उघडायचे आणि जेवून पुन्हा कामाला बसायचे. मी त्यांना चिडवायचे: अण्णा पाणी गाळून पितात तसं कोडही गाळून लिहितात. ते हसायचे आणि गाळत राहायचे.

एक दिवस त्यांनी पानभर नियम लिहून आणले. कुणाविषयी विचारतोय ते पत्त्यातच सांगायचं आणि पेशंट म्हणजे फक्त पेशंटचा क्रमांक, दुसरं काही नाही. यादीतून निवडायचं असेल ते त्या पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतर. एका गोष्टीला सगळ्या खिडक्यांवर एकच नाव. आणि हवं ते चिठ्ठीवर नसेल तर अंदाज करून काहीतरी द्यायचं नाही, नकार द्यायचा. पानाखाली दोन्ही लिप्यांत सही केली होती. मी पान वाचलं, छान म्हटलं आणि टेबलावर ठेवलं.

त्याच आठवड्यात लॅबच्या मालकांचा फोन आला. त्यांना नवीन खिडकी हवी होती: मोबाइल नंबर घातला की निकालाची एक ओळ दिसली पाहिजे. लोकांना पेशंट क्रमांक आठवत नाही, पावती हरवते, काउंटरवरच्या मुली शोधून थकतात. मोबाइल नंबर सगळ्यांना येतो. शिवाय त्या ओळीत नाव नको आणि कुठल्या अवयवाची तपासणी तेही नको, फोन कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. त्यांचं बोलणं मला पटलं. आजही त्यातलं एकेक वाक्य वेगळं घेतलं तर पटतं.

अण्णांना पटलं नाही. "मोबाइल म्हणजे माणूस न्हवं, मॅडम," ते म्हणाले. "मोबाइलवरनं यादी काढा पायजे तर. एका नंबरावर दोघं निघाले तर काय करायचं?"

"तर शेवटचा रिपोर्ट द्या."

"कुणाचा शेवटचा?"

"अण्णा, रांगेत माणसं उभी असतात. त्यांना यादी नको, उत्तर हवं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "नकार दिला तर माणूस चिडंल. चुकीचं दिलं तर त्याला कळणारच न्हाय," एवढं बोलून ते जागेवर जाऊन बसले. निर्णय माझा होता आणि मी तो घेतला. "शेवटचा द्या" हे शब्द माझे. त्या दिवशी बोलता बोलता माझा फोन दोनदा वाजला असेल, कुणाच्या तरी गॅसचा नाहीतर पेन्शनचा आकडा आला असेल. मी तो पुढे पाठवला असेल. अख्ख्या गल्लीचा नंबर पदराला बांधून हिंडणारी बाई एका माणसाला एक मोबाइल असं गृहीत धरून बसली होती. ऑफिसात शिरताना मी गल्ली बाहेर ठेवून यायचे, त्यातच माझी अक्कलही बाहेर राहिली.

आता आक्काचं सांगते. मी नोकरीला बाहेर पडू शकले ती तिच्यामुळे. सासूबाई नव्हत्या, दीर अबोल. माझी मुलगी आक्काच्या मांडीवर वाढली, माझा डबा तिच्या हातचा, आणि सून ऑफिसात जाते म्हणून कुणी काही बोललं तर त्याचं तोंड बंद करायलाही तीच. स्वतःच्या दुखण्याविषयी मात्र ब्र काढायची नाही. उन्हाळ्यात एका सकाळी तिनं मला न्हाणीत बोलावलं, दार लावलं, आणि माझा हात धरून छातीवरच्या गाठीवर ठेवला. "ही कधीची आहे?" विचारलं तर म्हणाली, "रताळी लावली तवापासनं." म्हणजे वर्ष होत आलं होतं. मी तिच्यावर ओरडले. मग दोघी रडलो.

तपासणीला ती तयार होईना. परक्या माणसासमोर अंग उघडं करायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं. चार दिवस मी पाठ सोडली नाही. शेवटी शेजारच्या वहिनी मदतीला आल्या. त्यांच्या मानेला गाठ होती, घरोघरी दूध घालायचं काम तेवढं महत्त्वाचं समजून त्याही अंगावर काढत होत्या. "तू येतीस तर मीबी येतो," त्या आक्काला म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका स्वतःला येतो-जातोच म्हणतात. अशा दोघी एकमेकींच्या धीरावर निघाल्या आणि मी रजा टाकून बरोबर गेले. बेळगावातल्या डॉक्टरांनी दोघींनाही गाठीत सुई घालून पेशी काढायच्या तपासणीला पाठवलं, आमच्याच लॅबच्या केंद्रात.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मोबाइल?" दोघींनी एका सुरात माझा नंबर सांगितला. मुलगी माझ्याकडे बघून हसली, मीही हसले. तिनं दोघींना वेगवेगळे पेशंट क्रमांक दिले, नळ्यांवर बरोबर लेबलं लावली. तिचं काहीच चुकलं नाही. मी तिथं पर्स घेऊन उभी होते आणि माझ्या मनाला साधा चिमटाही बसला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी डबा खाताना मेसेज आला: अहवाल तयार आहे. मी हात न धुताच आमचीच खिडकी उघडली आणि माझाच नंबर घातला. ओळ आली: संशयास्पद पेशी आढळल्या नाहीत. आक्काचा नमुना आधी दिला होता आणि तीन दिवस माझ्या डोक्यात आक्काशिवाय कुणी नव्हतं. मी घरी फोन लावला.

"नीट वाचलीस न्हवं?" आक्कानं विचारलं.

"होय आक्का, दोनदा वाचलं. काही नाही. सुटलात."

त्या संध्याकाळी तिनं गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, केली आणि गल्लीत वाट्या पाठवल्या. डॉक्टरांना मी फोनवरच निकाल कळवला. सवडीनं कागद आणून दाखवा म्हणाले. सवड कुणाला होती?

आणखी दोन दिवसांनी दुसरा मेसेज आला. ओळ होती: संशयास्पद पेशी आढळल्या आहेत, तातडीनं डॉक्टरांना भेटा. आक्काचं तर झालं होतं, म्हणजे हा वहिनींचा. वाईट नमुना मोठ्या डॉक्टरांकडे दुसऱ्यांदा तपासायला जातो आणि म्हणून त्याला दोन दिवस जास्त लागतात, हे मला माहीत होतं. ती पायरीसुद्धा आम्हीच प्रोग्रॅममध्ये बसवली होती. मी गोठ्यात जाऊन वहिनींना सांगितलं. त्या धारेची चरवी धरूनच खाली बसल्या. आक्का धावत आली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "मी हाय, भिऊ नगंस."

डॉक्टरांनी वहिनींची मान पाहिली, मेसेज पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना ही गाठ तशी वाटत नव्हती. जुना कागद मागवण्यापेक्षा त्यांनी दुसरीकडे नव्यानं तपासणी करून घेतली. काहीच निघालं नाही. किडलेल्या दाढेमुळे गाठ सुजली होती. दाढ काढली, गाठ बसली. वहिनींनी पुढचा महिनाभर लॅबच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भिंतीपलीकडून मी सगळं ऐकायचे.

त्या दिवसांतली एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. भांडी घासत होते. मनात आलं: तो निकाल वहिनींचा नव्हता, तर कुणाचा होता? अगदी एवढ्या स्पष्ट शब्दांत आलं. हातातलं पातेलं मी धुऊन पालथं घातलं आणि स्वतःला सांगितलं की नळ्यांची अदलाबदल झाली असेल, होतात चुका. ऑफिसात जाऊन पेशंट क्रमांकानं शोधायला पाच मिनिटं पुरली असती. मी शोधलं नाही. एक तर त्या आठवड्यात लॅबच्या मालकांनी सगळ्यांसमोर आमच्या नव्या खिडकीचं कौतुक केलं होतं. दुसरं, आक्का वर्षभरानं पुन्हा खळखळून हसायला लागली होती. दोन्ही कारणं खरी आहेत. त्यातलं मोठं कुठलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि मोठं पहिलं असेल अशी मला भीती वाटते.

भाताच्या सुगीत आक्काला पेंढी उचलता येईना. काखेत दुसरी गाठ होती आणि पहिलीनं कातडीचा रंग बदलला होता. "ते तर तपासलंय न्हवं, तसलं न्हाय," असं म्हणून तिनं ती हळद लावून झाकून ठेवली होती. डॉक्टरांनी बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला: उन्हाळ्यातला कागद कुठाय?

मी केंद्रात गेले. मुलीनं कपाटातून फाइल काढली. दोन बंद पाकिटं, दोन नावं, न्यायला कुणी आलंच नव्हतं. आक्काच्या नावाचं मी काउंटरवरच फोडलं. इंग्रजी होतं, पण एका शब्दासाठीही अडावं लागलं नाही. तिथल्या बाकावर किती वेळ बसले ठाऊक नाही. मुलीनं पाणी आणून दिलं.

तिथून मी घरी गेले नाही, ऑफिसात गेले. अण्णांसमोर दोन्ही कागद ठेवले. त्यांनी दोन्हींवरच्या तारखा पाहिल्या, मग आमच्या नोंदी उघडल्या. पडद्यावर सगळं होतं. माझ्याच लॉगिनवरून दोनदा विचारणा झाली होती, दोन्ही वेळा एकच मोबाइल. त्यामागे पेशंट दोन, आणि खिडकीनं दोन्ही वेळा इमानदारीनं त्या क्षणी शेवटचा होता तो रिपोर्ट दिला होता. मी वाट बघत होते की आता हे म्हणतील, मी सांगितलं होतं. त्यांनी तसं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"घरी जावा मॅडम," ते म्हणाले. "आक्काच्या जवळ बसा. हे मी बंद करतो."

त्यांनी ती खिडकी त्याच दुपारी बंद केली. मालकांना मी स्वतः फोन करून सांगितलं, काही लपवलं नाही. पुढचे कितीतरी दिवस अण्णा आणि मी एका नंबरावर अनेक माणसं असलेली घरं शोधत होतो आणि केंद्रातल्या मुली प्रत्येकाला नाव घेऊन निकाल पुन्हा सांगत होत्या. अशी घरं खूप निघाली. कुणाच्या सुनेचा, कुणाच्या मास्तरांचा, कुणाच्या किराणा दुकानदाराचा नंबर. बहुतेकांची साखर नाहीतर थायरॉइड होतं, जिवावर बेतलेलं दुसरं कुणी सापडलं नाही. आता प्रत्येक खिडकी अण्णांच्या नियमानं चालते. पेशंटचा क्रमांक पत्त्यात नसेल तर सरळ नकार देते. लोक चिडतात, काउंटरवर भांडतात, आणि मग घरी जाऊन पावती शोधून आणतात.

आक्काला मी लगेच सांगू शकले नाही. औषधं सुरू झाली, केस गेले, हाताला मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उन्हाळ्यात आला असता तर गोष्ट वेगळी होती, आता आपण फक्त वेळ वाढवतोय. त्यांना माहीत नव्हतं ते कुणाशी बोलतायत. रोज सकाळी मी ठरवायचे की आज सांगायचं आणि रोज संध्याकाळी तिच्या पायांना तेल चोळून झोपायला जायचे. नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, आता सांगून काय उपयोग, तिला त्रास. मला कळत होतं की गप्प राहण्यात तिची सोय नव्हती, माझी होती.

पौष महिन्यातली एक सकाळ. आक्का अंगणात उन्हाला पाठ करून पावटे सोलत बसली होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. ती खिडकी, शेवटचा द्या म्हणणारी मी, एका नंबरावर तुम्ही दोघी. तुमचा निकाल मी वहिनींना सांगितला आणि त्यांचा तुम्हाला. मग ती भांडी घासतानाची संध्याकाळही सांगितली, कारण ती टाळली असती तर बाकीचं सांगून काही अर्थ नव्हता.

ती सोलत राहिली. मी म्हटलं, "आक्का, मला शिव्या द्या."

"तिला म्हायती हाय?" तिनं भिंतीपलीकडे मान हलवून विचारलं.

"नाही."

"मग सांगू नगंस. ती बिचारी माझ्या तोंडाकडं बघायची न्हाय परत."

पावट्यांच्या दोन-तीन शेंगा झाल्या. मग ती माझ्याकडे न बघता, आवाज जराही न चढवता म्हणाली, "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं न्हवं, तर मी कागद आणाय लावला असता. नाव हाय काय बघू दे म्हटलं असतं. तू वाचलीस म्हणून न्हाय मागितला."

मला रडू आलं नाही. तेवढ्यात चौकटीवर ठेवलेला माझा फोन वाजला. आदल्या दिवशी तिचं रक्त दिलं होतं, त्याचा मेसेज होता. आता मेसेजमध्ये नाव येतं, पेशंट क्रमांकही येतो. मी सवयीनं फोन उचलला आणि चष्मा शोधायला लागले.

"ठेव गं," आक्का म्हणाली. "डॉक्टरच वाचू देत."

त्यानंतर ती असेपर्यंत तिचा एकही रिपोर्ट मी वाचला नाही.